गोव्यात टोमॅटो, मिरची, वांगी नेमकी कधी लावायची? शेवटच्या पावसापासून थंड रात्रींपर्यंतचे वेळापत्रक

परदेशी बियाण्यांच्या पाकिटावर आणि बागकामाच्या बहुतेक व्हिडिओंत नाजूक भाज्यांसाठी एक सूचना हमखास असते: दव गोठण्याचे दिवस संपले की मगच रोपे बाहेर लावा. ही सूचना तिकडे अगदी योग्य आहे. शांत, निरभ्र रात्री जमीन आणि पाने भराभर उष्णता सोडतात, पानाचे तापमान शून्याखाली जाते, पेशींतले पाणी गोठते आणि सकाळी टोमॅटोचे पान उकडल्यासारखे काळे होऊन लोंबते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात, म्हणजे हा धोका आपल्यापासून फार लांबचा नाही. पण गोव्यात तो नाही. पणजीत जानेवारीतही रात्रीचे किमान तापमान सरासरी २० अंशांच्या आसपास असते.

तरीही तिकडचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे वापरले जाते. थंडी संपायची वाट पाहून फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटो लावतात. झाड कमरेइतके वाढते, पिवळी फुले भरपूर येतात आणि देठापासून गळून पडतात. काही जण चतुर्थीनंतर चार दिवस ऊन पडले की लगेच लावणी उरकतात आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसात सगळे कुजते. काहींना आठवण होते ती थेट नाताळात, नर्सरीत रोपे दिसली की.

गोव्यातल्या नाजूक भाज्यांना दोन सीमा आहेत: अलीकडे शेवटचा जोराचा पाऊस, पलीकडे थंड रात्रींचा शेवट. थंडी इथे आपल्या बाजूची आहे. तिच्या आत फुलोरा बसवायचा आणि तिथून मागे मोजत यायचे.

## टप्पा १: आपल्या जागेच्या दोन सीमा ठरवा

पहिली सीमा, पाऊस. नैऋत्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्याला गोव्यातून माघार घेतो. पण माघार घेतली म्हणजे पाऊस थांबला असे नाही. दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूने ढग चढतात, संध्याकाळी गडगडाट आणि अर्धा तास मुसळधार, हे ऑक्टोबरअखेरपर्यंत चालते. अरबी समुद्रातल्या वादळांचाही हाच हंगाम. २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळाच्या वेळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कापणीला आलेले भात पाण्यात गेले होते. उघड्यावरच्या कोवळ्या रोपांची काय गत झाली असेल ते वेगळे सांगायला नको.

म्हणून चार कोरडे दिवस हा पुरावा धरू नका. या तीन खुणा एकत्र दिसल्या पाहिजेत:

- संध्याकाळचा गडगडाट सलग आठवडाभर बंद आहे.
- सकाळी गवतावर दव दिसते आणि वारा पूर्वेकडून, कोरडा येतो.
- वेधशाळेच्या पुढच्या पाच दिवसांच्या अंदाजात जोराच्या पावसाचा इशारा नाही.

दुसरी सीमा, थंड रात्री. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत गोव्यातल्या रात्री सुसह्य असतात. मार्चमध्ये किमान तापमान २३ अंशांच्या आसपास येते, एप्रिल-मे मध्ये २५-२६. रात्र २२-२३ अंशांच्या खाली उतरेनाशी झाली की टोमॅटो आणि ढबू मिरचीचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल गळते. खत घाला, फवारणी करा, फूल टिकत नाही. हे तापमानाचे काम आहे, खताचे नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. थंडीत दिवसही थंड असतात असे आपण धरून चालतो. गोव्यात नोव्हेंबर-डिसेंबरचे दिवसाचे कमाल तापमान ३२-३३ अंश, म्हणजे पावसाळ्यापेक्षा जास्त असते. गारवा आहे तो फक्त रात्रीचा. त्यामुळे भर नोव्हेंबरातही नव्या रोपांना दुपारची सावली लागते.

किनारा आणि आतला भाग. ताळगाव, आगशी, कळंगुटकडे समुद्रामुळे रात्री तितक्याशा उतरत नाहीत, पण पाऊस थोडा लवकर उघडतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोणच्या डोंगरालगत गडगडाटी पाऊस रेंगाळतो, मात्र रात्री दोन-चार अंशांनी गार असतात आणि धुके उशिरापर्यंत राहते. किनाऱ्यावरची तारीख आत एक आठवड्याने पुढे ढकला. तिथे थंडी थोडी जास्त टिकते, त्यामुळे नुकसान काही होत नाही.

> सावध: दसरा, दिवाळी, तुळशीचे लग्न यांवर लावणी बांधू नका. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, २०२६ मध्ये अधिक मासामुळे ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाते. सण तीन आठवडे सरकतो, पाऊस त्याच्याबरोबर सरकत नाही. सूर्याची नक्षत्रे मात्र दर वर्षी जवळपास त्याच तारखांना येतात. हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास, चित्रा १० ऑक्टोबरच्या, स्वाती २४ ऑक्टोबरच्या आणि विशाखा ६ नोव्हेंबरच्या सुमारास लागते. जुने शेतकरी नक्षत्रांवर पेरत, ते याच हिशेबाने.

## टप्पा २: फुलापासून मागे मोजा

टोमॅटो. पहिली फुले नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यायला हवीत. लावणीनंतर फुलायला साधारण ३० ते ३५ दिवस लागतात, म्हणजे लावणी स्वाती लागताना. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस, म्हणजे बी हस्त लागताना. बाहेर धो धो पाऊस असताना बी टाकायचे आहे, हेच बहुतेकांना पटत नाही. पाऊस संपल्यावर बी टाकले तर चांगला महिना वाया जातो. दुसरी तुकडी चित्रात पेरून नोव्हेंबरच्या मध्याला लावा. १० डिसेंबरनंतर टोमॅटो लावू नका. फुले जानेवारीच्या मध्यानंतर येतील, थोडी फळे धरतील आणि मग पांढरी माशी वाढून पाने गोळा होऊ लागतील.

मिरची. रोपाला ३५ ते ४० दिवस लागतात. बी सप्टेंबरच्या मध्याला, लावणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. हे बागायती मिरचीचे झाले. काणकोणच्या डोंगरउतारावरची खोला मिरची पावसाच्या पाण्यावर येते, तिचे गणित वेगळे. तिच्या बियांना या वेळापत्रकात कोंबू नका.

वांगी. ३० ते ३५ दिवसांचे रोप. बी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, लावणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. वांग्याला उष्णता टोमॅटोइतकी बाधत नाही आणि पाणी असेल तर झाड मे पर्यंत देते, त्यामुळे घाई करायचे कारण नाही.

ढबू मिरची. सगळ्यांत नखरेल. किनाऱ्यावर उघड्यावर हिच्यासाठी मेहनत घेऊ नका असेच मी सांगेन. सत्तरी-सांग्याकडे शेडनेटखाली, टोमॅटोच्या पहिल्या तुकडीबरोबर लावली तर जमते.

काकडी, दुधी, दोडका, भेंडी, वाली. यांची रोपे करत बसू नका, बी थेट जागेवर टोका. त्यांचे पुढे टप्पा ७ मध्ये.

> तपासा: पाकिटावर ७० दिवस लिहिले असतील तर टोमॅटो, मिरची, वांग्यासाठी ते बहुधा लावणीपासूनचे असतात, पेरणीपासूनचे नाहीत. आणि आठ आठवडे आधी घरात रोपे करा ही सूचना थंड देशांतली आहे. आपल्या उबदार मातीत आठ आठवड्यांचे टोमॅटोचे रोप लांबुडके आणि जून होते. अशी रोपे लावून काही उपयोग नाही.

## टप्पा ३: वाफे सप्टेंबरातच तयार करा

गोव्याची जांभ्याची माती बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी असते. शिवाय पावसाळाभर धुपून तिच्यातला चुना निघून जातो. माती तपासून घ्या. सामू (pH) साडेपाचच्या खाली असेल तर दर चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मिसळा, तेही लावणीच्या तीन आठवडे आधी. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालायची सवय फार दिसते. तसे केले की शेणखतातले नत्र अमोनिया होऊन उडून जाते. आधी चुना, दोन आठवड्यांनी शेणखत.

ऑक्टोबरच्या लावणीसाठी गादीवाफा हवाच: रुंदी एक मीटर, उंची १५ ते २० सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना चर आणि चराचे तोंड उताराकडे. चर काढला, पण पाण्याला बाहेर जायला वाट ठेवली नाही, असे कितीतरी परसांत दिसते. त्यापेक्षा चर नसलेला बरा, कारण अडलेले पाणी वाफ्याच्या बुडाशीच मुरते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर लावायचे असेल तर उलट करा. तेव्हा सपाट वाफा किंवा आळे करा, कारण तेव्हापासून पाणी राखायचे आहे.

सरद (पावसाळी) भात कापून झालेल्या शेतात भाजी करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. खाजनालगतच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांलगतच्या) जमिनीत मार्चनंतर विहिरीचे पाणी खारट होऊ लागते, तेव्हा तिथे लवकर संपणारी पिके घ्या. आणि कापणी झाली की गावची गुरे मोकळी सुटतात, त्यामुळे कुंपण लावणीच्या आधी उभे राहिले पाहिजे.

मर रोग आहे का ते आधी ओळखा. गेल्या वर्षी वांगी-टोमॅटोची हिरवीगार झाडे दोन दिवसांत माना टाकून मेली असतील, तर तो बहुधा जिवाणूजन्य मर रोग. आपल्या दमट, आम्ल मातीत तो जागोजागी आहे. खात्री करायला मरू लागलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत कापा आणि तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात, कापलेले टोक पाण्यात राहील असा उभा धरा. हात हलवू नका. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी, बारीक धार खाली उतरताना दिसली, तर रोग तोच. त्या वाफ्यात वांगे, टोमॅटो, मिरची या तिघांपैकी काहीही निदान दोन-तीन वर्षे लावू नका. जागा बदलणे शक्य नसेल तर रोगाला दाद न देणारे वाण घ्या: वांग्यात अर्का केशव, अर्का निधी किंवा अर्का नीलकंठ, टोमॅटोत अर्का रक्षक. स्थानिक आगशीचे वांगे चवीला वरचढ आहे यात वाद नाही, पण ते स्वच्छ वाफ्यातच लावा.

## टप्पा ४: पावसात रोपवाटिका

हा टप्पा सगळ्यांत जास्त बिघडतो, म्हणून सावकाश वाचा.

जागा. पावसाचे पाणी थेट पडणार नाही, पण सकाळचे ऊन लागेल अशी. पूर्वेकडचा सोपा (ओसरी) किंवा गच्चीची कड चालते, नाहीतर चार बांबूंवर पारदर्शक प्लास्टिक ताणा. झावळ्यांचा झाप वर टाकू नका. त्याने ऊन अडते, थेंब मात्र गळत राहतात.

माती. चाळलेली माती, जुने शेणखत आणि गोड्या पाण्याची वाळू समप्रमाणात. समुद्राची वाळू नको. मिश्रणावर उकळते पाणी ओता, झाकून गार होऊ द्या. ट्रे वापरत असाल तर कोकोपीट आणि गांडूळखत पुरते.

पेरणी. बियांना ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशीची पूड) चोळा, किलोला ५ ग्रॅम हे प्रमाण, घरच्या पाकिटाला चिमूटभर. बी अर्धा सेंटीमीटर खोल आणि ओळींत पाच सेंटीमीटर अंतर ठेवून पेरा. मुठीने फेकलेले बी दाट उगवते आणि दाट रोपे आधी कोलमडतात.

पाणी. दिवसातून एकदाच, सकाळी. सप्टेंबरच्या हवेत संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर तसेच राहते. बुडाशी खोड बारीक, तपकिरी होऊन रोप आडवे पडलेले दिसले तर ती रोपे मातीसकट काढा, पाणी एक दिवस बंद ठेवा आणि उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात मुळाशी द्या.

जाळी. पहिल्या दिवसापासून बारीक नायलॉनची जाळी घाला. पांढरी माशी रोपवाटिकेतच टोमॅटोला पर्णगुच्छाचा (पाने गोळा होण्याचा) विषाणू देऊन जाते. लक्षणे पुढे महिन्याने दिसतात आणि तेव्हा दोष खताला दिला जातो.

> तपासा: उगवल्यावर आठवड्याने रोपाचे खोड लांब, पांढुरके आणि एका बाजूला कललेले असेल तर ऊन कमी पडते आहे. जागा लगेच बदला. नंतर खत घालून ते सुधारत नाही.

## टप्पा ५: रोपे काटक करा

लावणीच्या आधी सात-आठ दिवस रोपे उघड्याची सवय करून घेतात. थंड देशांत ती गार वाऱ्याची सवय असते. आपल्याकडे ती उन्हाची. पहिले दोन दिवस सकाळचे दोन तास, मग दहा-साडेदहापर्यंत, शेवटचे दोन दिवस दिवसभर. पाणी थोडे कमी करा, पण रोप सुकू देऊ नका. रात्री परत आडोशाला ठेवा, कारण एका रात्रीचा गडगडाटी पाऊस ट्रे धुऊन नेतो.

चांगले टोमॅटोचे रोप: १२ ते १५ सेंटीमीटर उंच, पाच-सहा पाने, पेन्सिलीपेक्षा थोडे बारीक पण ताठ खोड, फूल नाही. बाजारातून विकत घेताना फुलावर आलेले रोप उचलू नका. ते पिशवीत अडकून म्हातारे झालेले असते.

## टप्पा ६: लावणी आणि पहिले दहा दिवस

टप्पा १ मधल्या तिन्ही खुणा जुळल्या का ते पाहा. मग १० सेंटीमीटर खोलीवरची मूठभर माती घ्या आणि दाबा. पाणी निथळले किंवा चिखलाचा गोळा बोटांना चिकटला तर थांबा. गोळा होऊन बोटाच्या टिचकीने फुटला तर लावा.

1. लावणी दुपारी चारनंतर करा. आधी ट्रेला पाणी द्या, म्हणजे रोप मातीसकट निघेल.
2. अंतर: टोमॅटो ६० बाय ४५ सेंटीमीटर, मिरची ४५ बाय ४५, वांगी ७५ बाय ६०.
3. टोमॅटो खालची पाने काढून खोल लावा, खोडाला मुळे फुटतात. वांगी आणि मिरची मात्र ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर.
4. बुडाची माती हलकी दाबा, पाणी द्या, टोमॅटोला लगेच काठी रोवा. नंतर रोवलेली काठी मुळे तोडते.
5. पहिले चार-पाच दिवस दुपारी ११ ते ४ सावली करा. एकेक झावळी पश्चिमेकडून तिरपी टोचली तरी पुरते.

लावणीबरोबर जाड पालापाचोळा पसरण्याची घाई नको. ऑक्टोबरअखेर पाऊस आला तर आच्छादनाखाली बुंधा ओला राहून सडतो. ते नोव्हेंबरच्या मध्याला घाला, बुंध्यापासून चार बोटे दूर.

लावणीनंतर वादळी पाऊस आला तर: पाऊस येण्याआधी चर मोकळे करा, आच्छादन बाजूला ओढा. पाऊस थांबल्यावर ओल्या झाडांत हात घालू नका, एका झाडाचा रोग दुसऱ्यावर तसाच जातो. पाने वाळली की पडलेली रोपे उभी करून काठीला सैल बांधा आणि माती वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही) आल्यावर बुंध्याला मातीची भर द्या. खत आठवडाभर नको. दमलेल्या मुळांना युरिया दिला तर मरच वाढते. चौथ्या भागाहून जास्त रोपे गेली असतील तर डागडुजी करत बसू नका, दुसऱ्या तुकडीतून भरा. दोन तुकड्या पेरायला सांगितल्या त्या यासाठी.

डिसेंबरचे दव. दव गोठत नाही, पण पाने नऊ-साडेनऊपर्यंत ओली ठेवते, आणि बुरशीला तेवढे पुरते. पाणी पानांवर न मारता मुळाशी आणि सकाळीच द्या, टोमॅटोची जमिनीला टेकलेली पाने काढून टाका.

## टप्पा ७: थेट टोकायच्या भाज्या

अळसांदे (गोव्याची टपोरी चवळी) भातकापणीनंतरच्या ओलीवर येतात, म्हणून तिथे दिवस नव्हे, ओल पाहायची. कापणीनंतर आठवड्याच्या आत नांगरून पेरा. वरची माती पांढरी पडेपर्यंत थांबलात तर उगवण विरळ होते.

तांबडी भाजी नोव्हेंबरपासून पेरा, पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते. एकदम सगळा वाफा न पेरता दर दहा दिवसांनी थोडी पेरा. बी राखेत आणि बारीक वाळूत मिसळून पसरा. मुंग्या बी उचलतात, त्यांच्यासाठी वाफ्याच्या कडेने तांदळाचे पीठ टाकतात, ते खरोखर उपयोगी पडते.

काकडी, दुधी, वाली नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. काकडीची दुसरी फेरी जानेवारीत. वेलांवर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली तर दाट पाने कमी करा, मांडवात वारा खेळू द्या.

भेंडी थंडीत रडतखडत वाढते. डिसेंबरात पेरण्याऐवजी जानेवारीअखेर पेरा, मार्च-एप्रिलात भरपूर मिळते. सात शिरांची भेंडी पावसाळ्याची, ती जूनसाठी राखून ठेवा.

## टप्पा ८: हंगाम आवरताना

मार्चच्या मध्याला टोमॅटोची नवी फुले टिकेनाशी झाली की झाडावरची फळे उतरवा आणि झाडे उपटा. केवळ हिरवी आहेत म्हणून ठेवलेली झाडे पांढरी माशी पोसत राहतात. रोगट झाडे खतखड्ड्यात न टाकता जाळा. वांगी मात्र छाटून ठेवा, पाणी असेल तर पुन्हा फुटतात.

रिकामा झालेला वाफा भिजवून पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाका, कडा मातीत पुरा आणि एप्रिल-मे मध्ये चार ते सहा आठवडे तसाच ठेवा. उन्हाने वरच्या थरातली बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचे बी बरेच मरते. काळे प्लास्टिक वापरू नका, त्याखाली माती तितकी तापत नाही. मे च्या मध्यापासून वळवाच्या सरी आणि समुद्रातली वादळे सुरू होतात, तेव्हा त्याआधी प्लास्टिक काढून वाफ्यावर ताग किंवा चवळी पेरा, म्हणजे जूनचा पाऊस उघड्या मातीवर पडणार नाही.